गावाकडचे घर भाड्याने देताना



आपल्या मंडळातल्या अनेक कुटुंबांचे गावाकडे एक घर कुलूपबंद आहे. आईवडील गेले, किंवा मुलांकडे इंग्लंडला आले, आणि घर तसेच राहिले. विकायला मन होत नाही, भाड्याने द्यायला धीर होत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा जायचे, जळमटे काढायची, घरपट्टी आणि विजेचे बिल भरायचे, पुन्हा कुलूप लावून विमानतळ गाठायचा. टेंभुर्णीतला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅटही असाच पडून होता. यंदा आम्ही दोघांनी तो दुरुस्त करून भाड्याने दिला. घरमालक होण्याची आमची ही पहिलीच वेळ, म्हणून हा अंक हातात घेताना त्याच विषयावर लिहावेसे वाटले.

टेंभुर्णी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातले पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. पंढरपूरकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो, कुर्डुवाडी जंक्शन जवळ, उजनी धरण जवळ. एमआयडीसी आहे, आसपास साखर कारखाने आहेत. त्यामुळे बदलीवर आलेला बँकेतला कारकून, कारखान्यातला केमिस्ट, दवाखान्यातली नर्स, शाळेवर नव्याने रुजू झालेली शिक्षिका अशी माणसे इथे सतत खोली शोधत असतात. त्यांना बंगला नको असतो. दोन कोरड्या खोल्या, चालू नळ आणि रात्री झोप लागेल असे छप्पर एवढेच हवे असते. आपली बंद घरे नेमकी त्यांच्या उपयोगाची आहेत.

दुरुस्तीला हात घातला की ठेकेदार पहिल्यांदा पीओपीचे छत आणि चकचकीत टाइल्सचा कॅटलॉग पुढे करतो. तिथे थांबायला हवे. पैसे मोजके असतील तर ते आधी स्लॅब, वीज आणि पाणी या तीन गोष्टींवर खर्च करावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

स्लॅबचे आधी सांगते. सोलापूरकडचा उन्हाळा चाळीस-बेचाळीस अंशांना सहज पोहोचतो. आमच्या आजोळी माळवदाचे घर होते. लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. दुपारी आत शिरले की गारवा जाणवायचा. सिमेंटच्या स्लॅबला तो गुण नाही. दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता तो रात्री खोलीत सोडतो, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पहाटेपर्यंत तळमळत राहतो. आमचा फ्लॅट वरच्याच मजल्यावर. गच्चीवरचा जुना कोबा तडकलेला, पावसाळ्यात ओल उतरून भिंतीचा गिलावा फुगलेला. भिंतीला पुट्टी लावून ओल झाकता येते, पण ती एका पावसापुरती. आम्ही सोसायटीतल्या इतरांना बरोबर घेऊन तडकलेला कोबा काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घातला, पाणी नळीकडे जाईल असा उतार दिला आणि त्यावर पांढरा लेप लावला. हा लेप ऊन परतवतो, त्यामुळे खालच्या खोलीतला फरक हाताला कळतो. ज्यांना एवढा खर्च जमत नाही त्यांनी निदान दर उन्हाळ्याआधी गच्चीला चुना मारावा. हा जुना उपाय आजही तितकाच चालतो.

विजेबाबत मी अधिक आग्रहाने लिहीत आहे, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बांधकामात तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, असे अनेक ठिकाणी सापडते. न्हाणीत गिझर, ओल्या फरशीवर वॉशिंग मशीन, लोखंडी कुलर, आणि अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून प्रत्येक सॉकेट तपासून घ्या. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर तो नव्याने भरून घ्या. गिझरला स्वतंत्र जाड वायर टाका आणि मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा. करंट गळायला लागला की हे उपकरण क्षणात पुरवठा तोडते. सबंध दुरुस्तीच्या खर्चात त्याची किंमत किरकोळ असते. त्यावर घासाघीस करू नये.

पाण्याचे गणित टेंभुर्णीकरांना वेगळे सांगावे लागत नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, त्याची एकूण साठवण ११७ टीएमसी. आणि तरीही या भागात लोक धरण ‘मायनसमध्ये गेले’ असे रोजच्या बोलण्यात म्हणतात. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. अशा ठिकाणी भाडेकरूला फक्त शॉवर देऊन भागत नाही. गच्चीवरच्या टाकीत आपल्या वाट्याचे पाणी किती हे ठरलेले हवे, बादली भरता येईल असा खालचा नळ हवा, आणि बोअरचे जड पाणी असेल तर क्षाराने तोट्या किती लवकर अडतात हे लक्षात ठेवून साध्या, गावात सुटे भाग मिळतील अशाच तोट्या बसवाव्यात. आम्ही गंजलेले लोखंडी पाइप बदलून सीपीव्हीसीचे टाकले, तेही भिंत न फोडता दुरुस्त करता येतील असे बाहेरून.

बाकीचे काम लवकर उरकते. कडप्प्याचा ओटा धड होता, तो ठेवला. खिडक्यांना डासांची जाळी, दाराला आतून भक्कम कडी, भिंतींना फिकट रंग. झाले.

आता भाडेकरू कोण, या प्रश्नाकडे येते. घर दाखवायला नेमलेल्या माणसाने आम्हाला पहिल्याच दिवशी विचारले, “ताई, कुणाला द्यायचं? आडनाव बघून सांगू का?” हा प्रश्न विचारताना त्याला काही वावगे वाटले नाही. गावात, शहरात, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही आडनाव, धर्म, ताटातले जेवण, बाई एकटी आहे का, हे पाहून घर नाकारले जाते. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांनी याची दुसरी बाजू सोसली आहे. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये आलेल्यांना खोली शोधताना खिडकीत लावलेल्या पाट्या वाचाव्या लागत, त्यांत काळ्या-सावळ्या माणसांना जागा नाही असे उघड लिहिलेले असे. १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने घर नाकारण्याचा हा प्रकार बेकायदा ठरवला. ज्या समाजाने ही वागणूक भोगली, त्याच्या घरांत तीच पाटी मनातल्या मनात लागलेली असणे मला सहन होत नाही. आम्ही त्या माणसाला सांगितले, पगाराचा पुरावा आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर घे, बाकी काही विचारू नकोस. आज तिथे दवाखान्यात काम करणाऱ्या दोन तरुणी राहतात.

‘भाडेकरू घर बळकावेल’ ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना एका दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले. कित्येक मालकांना आपल्याच वाड्यात परत शिरता आले नाही. गोठवलेल्या भाड्याची ती तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले आणि नंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि लायसन्सची मुदत संपल्यावर राहती जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्याच कायद्याने घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक केले आहे आणि पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावणे गुन्हा ठरवले आहे. हा कायदा मुख्यतः त्याच्या यादीतल्या गावा-शहरांना लागू आहे, तेव्हा आपल्या गावाचे काय ते स्थानिक वकिलाला विचारा. घर कुठेही असो, करार मात्र नोंदवूनच करा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी. भावाला किंवा बहिणीला कुलमुखत्यारपत्र देत असाल तर ते इंग्लंडमधल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. भाडे आपल्या एनआरओ खात्यात जमा व्हावे. आणि मालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. छोट्या गावातल्या नोकरदाराला हे ठाऊक नसते, म्हणून करार करण्याआधीच ते त्याला समजावून सांगा आणि आपल्या सीएमार्फत मार्ग काढून द्या. त्याला नोटीस आल्यावर सांगू नका.

अनामत रकमेबद्दलही लिहायला हवे. इंग्लंडमध्ये २००७ पासून घरमालकाला अनामत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावी लागते, आणि २०१९ पासून ती साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. इथल्या भाड्याच्या घराच्या वायरिंगची तपासणी पाच वर्षांतून एकदा सक्तीची आहे, गॅसची दरवर्षी. आपल्यापैकी अनेकांनी इथे भाडेकरू म्हणून या नियमांचा आधार घेतला आहे. टेंभुर्णीत तशी सक्ती नाही, म्हणून तिथे कमी देणे मला पटत नाही. आम्ही दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत घेतली, घरातल्या प्रत्येक वस्तूचे फोटो कराराला जोडले आणि दुरुस्तीसाठी कुणाला फोन करायचा हे त्यात लिहून दिले.

यंदा हिवाळ्यात जे सभासद गावी जाणार आहेत त्यांना विनंती: कुलूप उघडल्यावर रंगाऱ्याच्या आधी वायरमनला बोलवा, गच्ची स्वतः चढून पाहा, आणि उन्हाळा लागायच्या आत ते घर कुणाला तरी राहायला द्या. ज्यांनी असे करार केले आहेत त्यांनी आपला मराठी मसुदा, नावे वगळून, संपादक मंडळाकडे पाठवावा. पुढच्या अंकात आपण तो सर्वांसाठी छापू.