टायरचे वय कोण विचारतो?

परभणीच्या बाजारात जुनी मोटार पाहावयास गेलेला ग्राहक काय करतो, हे पाहण्यासारखे असते. तो दरवाजे उघडून मिटतो, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो, पत्र्यावर बोटे फिरवून गंज कोठे लपला आहे त्याचा अंदाज घेतो, आणि शेवटी चाकाशी वाकून टायरच्या नक्षीत अंगठ्याचे नख घालतो. नख बुडाले की त्याचे समाधान होते. "टायर नवेच आहेत," असे विकणाराही सांगतो आणि घेणाराही मान डोलावतो. हाच ग्राहक औषधाच्या दुकानात दोन रुपयांच्या गोळीच्या पाकिटावरील तारीख चष्मा लावून वाचतो. ज्या चार वस्तूंवर आपल्या कुटुंबाचा सारा भार टाकून तो उद्या गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या रस्त्याला लागणार आहे, त्यांची जन्मतारीख विचारण्याचे मात्र त्याच्या मनातही येत नाही.

टायर झिजून निकामी होतो, एवढेच सर्वसामान्यांस ठाऊक असते. तो न झिजताही, केवळ वयाने निकामी होतो, ही गोष्ट जगाच्या ध्यानात येण्यास श्रीमंतांच्या शौकाच्या गाड्याही काही अंशी कारणीभूत झाल्या आहेत. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे पोर्शे कंपनीची करेरा जीटी ही स्पोर्ट्‌स कार खांबावर व झाडांवर आदळून पेटली, आणि तीत चित्रपट अभिनेता पॉल वॉकर व गाडी चालविणारा त्याचा मित्र असे दोघेही मरण पावले. येथल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही तो अभिनेता परिचित होता. तपास अधिकाऱ्यांनी अपघाताचे मुख्य कारण अतिवेग हेच ठरविले. गाडी ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या घरात होती. परंतु त्याच तपासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली. गाडीचे टायर नऊ वर्षांहून अधिक जुने होते, आणि त्यामुळे गाडीच्या पकडीवर परिणाम झालेला असू शकतो. गाडी फिरली होती थोडी, पण रबराने आपली नऊ वर्षे मोजली होती.

जुन्या स्पोर्ट्‌स कारचा हा पेच जगभर सारखाच आहे. अशी गाडी वर्षातून चार-दोन वेळा बाहेर निघते, एरवी आच्छादन घालून उभी असते. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी गाडी आता शौकिनांच्या संग्रहातच शोधावी लागते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची निराळी नोंदणी सुरू केली; ही वाहने नित्याच्या वा धंद्याच्या वापराला आणता येत नाहीत, प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावयाची. म्हणजे त्यांचे टायर झिजावयाचा प्रश्नच नाही. मालकाला नक्षी पाहून टायर निवडता येत नाही. मग तो काय पाहतो? प्रथम माप. ॲम्बॅसेडरचे ५.९०-१५, प्रीमियर पद्मिनीचे ५.२०-१४, जुन्या जीपचे ६.००-१६ ही मापे एकेकाळी प्रत्येक मिस्त्रीच्या जिभेवर असत. आज ती शोधून मिळवावी लागतात. नंतर जात. गॅरेजवाले ज्याला 'नायलॉन' म्हणतात त्या टायरमधील धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदून जातात, रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात. दोघांची वळणावरची वागणूक वेगळी. एकाच आसावर एका बाजूस नायलॉन व दुसऱ्या बाजूस रेडियल बसविणे म्हणजे दोन स्वभावांचे बैल एका जुवाला जुंपणे. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हा मेळही तितकाच वाईट, कारण वळणावर मागची बाजू आधी सुटते. यानंतर टायरवरील वेगाचे अक्षर. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे म्हणून, टायरचे वय.

परभणीच्या वाचकाचा या श्रीमंती शौकाशी काय संबंध, असा प्रश्न येथे कोणी विचारील. स्पोर्ट्‌स कार या जिल्ह्यात क्वचितच दिसेल हे खरेच. परंतु थोड्या वापराची गाडी येथे घरोघरी आहे. सेलूच्या वा मानवतच्या शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांत जुनी मोटार घेतली, ती आठवडाभर अंगणात लिंबाखाली उभी असते. शाळेला तो मोटारसायकलवरूनच जातो; मोटार निघते ती लग्नसराईत, दवाखान्यासाठी, किंवा मुलाला परीक्षेला पुण्यास सोडावयाचे असते तेव्हा. दहा वर्षांनी पाहावे तर नक्षी जवळजवळ तशीच. उसाच्या ट्रॉल्यांची अवस्था याहून बिकट. गाळपाचा हंगाम संपला की त्या उन्हातान्हात निम्मे वर्ष उभ्या राहतात आणि पुढच्या हंगामात एकदम पूर्ण भाराने, किंबहुना भारापेक्षा अधिक भाराने, रस्त्यावर येतात. शौकिनाची गाडी निदान सावलीत असते.

उभा टायर अधिक लवकर का बिघडतो, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबरात गंधक मिसळून ते तापविले आणि चिकट, ठिसूळ वस्तूला टिकाऊपणा दिला. त्या रबराचे दोन शत्रू पुढे कायमचे राहिले, हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन. त्यांना थोपविण्यासाठी कारखानदार रबरात मेणासारखी व इतर संरक्षक द्रव्ये घालतात. गाडी चालते तेव्हा टायर दबतो, उसळतो, आणि त्या हालचालीने ही द्रव्ये आतून पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हा पुरवठा मंदावतो. टायरच्या बाजूवर केसासारख्या बारीक भेगा पडू लागतात. वरच्या भेगा निदान डोळ्यांना दिसतात. आतील तारांचा पट्टा आणि त्याभोवतालचे रबर यांची पकड सैल होते, ती दिसत नाही. ती कळते ती एखाद्या दुपारी भर वेगात नक्षीचा सबंध पट्टाच सुटून येतो तेव्हा.

त्यात परभणीचे ऊन. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम बारावीचा विद्यार्थी शिकतो. वैशाखात या जिल्ह्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते, आणि टायर त्या डांबरावर उभा असतो. युरोपातील थंड हवेत बेतलेली वर्षांची मोजपट्टी येथे तशीच लावणे धोक्याचे आहे. शिवाय जमीन काळी. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या या मातीवरचा रस्ता कडेला खचतो, डांबराची धार उघडी पडते, आणि समोरून येणाऱ्याला वाट देताना चाक त्या धारेवरून उतरते-चढते. टायरची बाजू तेथेच मार खाते. यावर लोकांचा एक घरगुती तोडगा आहे, तो मात्र रोगापेक्षा भयंकर: उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावयाची! कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक दबल्याने अधिक तापतो, आणि जे टाळावयाचे तेच ओढवून घेतो. नायट्रोजन भरण्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना, हवा तपासून घेण्याचा उपयोग त्याहून पुष्कळ अधिक आहे.

टायरचे वय वाचणे मुळीच अवघड नाही. टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १८१६ असे असेल तर तो टायर २०१६ सालच्या अठराव्या आठवड्यात, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीस, साच्यातून निघाला. तीनच आकडे आढळले तर टायर २००० सालापूर्वीचा समजावा आणि त्याला हात जोडावेत. हे आकडे पुष्कळदा आतल्या बाजूस असतात, त्यासाठी गाडीखाली डोके घालावे लागते. तेवढे श्रम करावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून टायर तपासावा आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांनंतर तो वापरू नये, असा सल्ला नामवंत टायर कंपन्याच देतात. काही मोटार कंपन्या तर सहाव्या वर्षीच बदला म्हणतात. परभणीच्या उन्हात यांपैकी कोणता सल्ला मानावा, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

सर्वांत दुर्लक्षित असते ती स्टेपनी. हा शब्द वेल्समधील लनेथली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास तेथे जादा चाक विकावयास आरंभ केला. त्या इंग्रजांच्या मूळ मुलखात शब्द विसरला गेला, आपल्याकडे मात्र तो खेड्यापाड्यांत रुजला आहे. ही स्टेपनी वर्षानुवर्षे डिकीत पडून असते, चकचकीत काळी, एकाही खरचट्याविना. मूळ चाक पंक्चर झाले की रात्री-अपरात्री तीच चढविली जाते आणि मग तीच पुढे महिनोन् महिने चालते. गाडीतील सर्वांत म्हातारा टायर तो, आणि सर्वांत नवा म्हणून विश्वास त्याच्यावर!

असा विश्वास काय किंमत मागतो, हे इंग्लंडने अनुभवले. १० सप्टेंबर २०१२ रोजी एका संगीत महोत्सवाहून तरुणांना घेऊन परतणारी बस हाइंडहेडजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली. तिघे मरण पावले. पुढच्या फुटलेल्या टायरचे वय निघाले साडेएकोणीस वर्षे, म्हणजे बसपेक्षाही अधिक. नक्षी मात्र कायद्यात बसणारी होती. अपघातात गेलेल्या अठरा वर्षांच्या मायकेल मोलॉयच्या आईने, फ्रान्सिस मोलॉय यांनी, त्यानंतर वर्षानुवर्षे हा प्रश्न धसास लावला, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे मालमोटारी व बसगाड्यांच्या पुढच्या आसावर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी झाली. एका आईला सरकारकडून एवढी एक ओळ लिहून घ्यावयास आठ वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्या कायद्याची फूटपट्टी अजून नक्षीवरच थांबलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ नक्षीची किमान खोली सांगतो. मोटारींसाठी ती १.६ मिलिमीटर आहे. समृद्धी महामार्गावर अपघात वाढले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याने प्रवेशद्वारांवर टायर तपासून गुळगुळीत टायरांची वाहने परत पाठविली, ही स्तुत्य गोष्ट. परंतु गोटा झालेला टायर ओळखावयास निरीक्षक कशाला हवा? पंक्चरवाल्याचा पोरगाही ते सांगेल. भरगच्च नक्षीचा दहा-बारा वर्षांचा टायर मात्र त्याच प्रवेशद्वारातून मानाने आत जाऊ शकतो आणि ताशी १२० किलोमीटरने धावू शकतो. जालना ते नांदेड हा समृद्धीला जोडणारा द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातूनच आखलेला आहे. आज खड्डे चुकवीत ताशी पन्नासने जाणारी जिल्ह्यातील गाडी उद्या त्या गुळगुळीत रस्त्यावर दुपटीहून अधिक वेगाने जाईल, आणि आजवर वेग कमी म्हणून झाकला गेलेला टायरचा दोष तेथे उघडा पडेल.

अर्थात प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडण्याची सवयही तितकीच घातक आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याची खूण आढळली नाही. 'टायर फुटला' या दोन शब्दांत चालकाची झोप, मालकाचा लोभ आणि निरीक्षकाची डोळेझाक सहज लपते. टायरच्या वयाची नोंद कागदावर असेल तर हे दोन शब्द पडताळून तरी पाहता येतील.

नवे चार टायर म्हणजे महिन्याच्या पगारातून मोठा घास, ही अडचण खोटी नाही. जुना टायर टाकूनच द्यावा असेही नाही. मोटारीला नकोसा झालेला टायर बैलगाडीला चालतो, कारण तेथे फुटला तर बैल थांबतात, एवढेच. रिमोल्ड म्हटले की नाक मुरडणेही योग्य नव्हे. एस.टी. महामंडळ स्वतःच्या प्रकल्पांत टायरांना नवी नक्षी चढविते; सांगाडा तपासून, नोंद ठेवून केलेले ते काम आणि रस्त्याकडेला गोटा टायरावर गरम सुरीने खाचा कोरून काळा रंग फासणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरुण सांगाड्यावर नवी नक्षी चढली तर ती काटकसर. म्हाताऱ्यावर चढली तर ती फसवणूक. काटकसरच करावयाची तर संगीत यंत्र आणि आसनांची रेशमी वेष्टणे यांत करावी. मराठवाड्यातच, वाळूजला, गुडइयरचा टायर कारखाना आहे. ताजा माल दूरदेशाहून यावयाचा आहे, अशातला भाग नाही.

सरकारकडे मागावयाचे ते फार नाही. मोटारीची पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी होते, तेव्हा ती परिवहन कार्यालयात तपासणीसाठी उभी राहतेच. आठ वर्षांवरील प्रवासी व मालवाहू वाहने तर दरवर्षी उभी राहतात. त्या वेळी निरीक्षकाने स्टेपनीसह प्रत्येक टायरवरील चार आकडे योग्यता प्रमाणपत्रावर लिहावेत. दुकानदाराने बिलावर तेच आकडे लिहून द्यावेत, म्हणजे गोदामात चार वर्षे पडलेला माल 'कोरा' म्हणून गळ्यात मारता येणार नाही. शाळेच्या बसगाड्या आणि रुग्णवाहिका यांच्यापासून आरंभ करावा. 'एमएच २२' चा शिक्का असलेल्या एखाद्या कागदावर हे आकडे प्रथम उमटले, तर त्यासाठी विधिमंडळाच्या ठरावाची वाट पाहावी लागणार नाही. एक रकाना वाढवावा लागेल.