सालबर्डीत गरम पाणी आहे, मग मुक्काम का होत नाही? जपानची ‘रियोकान’ पद्धत काय सांगते

हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी परतवाड्यातून चिखलदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. सुमारे 30 किलोमीटरचा घाट चढायचा, पॉइंट बघायचे, कॉफी प्यायची आणि अनेकांचं संध्याकाळी परत फिरायचं. याच सातपुड्याच्या पायथ्याशी, मोर्शीपासून सुमारे 8 किलोमीटरवर सालबर्डी आहे. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं. महाशिवरात्रीला यात्रा भरते, भाविक कुंडात आंघोळ करतात, गुहेतल्या महादेवाचं दर्शन घेतात आणि घरी जातात.

जपानमध्ये असंच पाणी असलेल्या गावात लोक रात्रभर राहतात आणि त्यासाठी चांगले पैसेही मोजतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारचं भू-औष्णिक ऊर्जा धोरणही आलं. त्यामुळे सालबर्डीसारख्या ठिकाणांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न आता विचारायला हवा.

रियोकान म्हणजे नेमकं काय?

रियोकान म्हणजे जपानी पद्धतीचं मुक्कामाचं ठिकाण. अनेक रियोकान गरम पाण्याच्या झऱ्यांवर उभी आहेत. अशा झऱ्याला आणि तिथल्या स्नानाला ‘ओन्सेन’ म्हणतात. यामानाशी प्रांतातलं केइउनकान हे रियोकान इ.स. 705 मध्ये सुरू झाल्याचं सांगतात. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

पाहुणा दुपारी तीनच्या सुमारास येतो. चपला-बूट दारात काढतो. खोलीत गवताच्या विणीची तातामी चटई असते, पलंग बहुधा नसतो. कपडे बदलून युकाता, म्हणजे सुती झगा घालायचा. त्याची डावी बाजू उजवीच्या वर घ्यायची, कारण उलटी पद्धत मृतदेहासाठी असते. मग स्नान. आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, त्यानंतरच कुंडात उतरायचं. कुंडात साबण नाही, टॉवेल नाही आणि बहुतेक ठिकाणी कपडेही नाहीत. स्त्री-पुरुषांची कुंडं वेगळी असतात.

रात्री स्थानिक भाज्या, मासे आणि भात यांचं अनेक पदार्थांचं जेवण मिळतं. तोवर खोलीत गाद्या घातलेल्या असतात. सकाळी न्याहारी करून दहा-अकराला निघायचं. भाडं माणशी आकारतात आणि दोन्ही वेळचं जेवण बहुधा त्यातच धरलेलं असतं. मध्यम दर्जाच्या ठिकाणी माणशी साधारण 15 ते 30 हजार येन पडतात. शाकाहारी मराठी प्रवाशांनी आधी कळवलेलं बरं, कारण साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो.

ज्वालामुखी नसताना सालबर्डीत पाणी गरम कसं?

जपानमध्ये ज्वालामुखी जागे आहेत. सातपुड्यात तसं काही नाही. इथे कारण आहे भूगर्भातली मोठी भेग. गाविलगड किल्ल्याच्या नावाने ओळखला जाणारा ‘गाविलगड प्रस्तरभंग’ याच पट्ट्यातून जातो. पावसाचं पाणी अशा भेगांमधून खूप खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या वाटेने वर येतं. जळगावचं उनपदेव आणि नांदेडचं उनकेश्वर यांच्या तर नावातच ‘ऊन’ पाणी आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2022 च्या भू-औष्णिक नकाशासंग्रहात देशातली 381 ठिकाणं नोंदवली आहेत. म्हणजे पाण्याची वानवा नाही. जपानचा 1948 चा ओन्सेन कायदा तर उगमाशी 25 अंश तापमान असलेल्या पाण्यालाही ओन्सेन मानतो. त्या व्याख्येत वऱ्हाडातल्या कितीतरी साध्या विहिरीही बसतील!

मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक पाण्याच्या मालकीत आहे. जपानमध्ये ओन्सेनसाठी बोअर घ्यायचा तर प्रांताच्या राज्यपालाची परवानगी लागते. नव्या बोअरमुळे जुन्या झऱ्याचं पाणी, तापमान किंवा त्यातले घटक बदलणार असतील, तर परवानगी नाकारता येते.

ह्योगो प्रांतातल्या किनोसाकी गावाचं उदाहरण बोलकं आहे. तिथे सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. पाहुणे लहान रियोकानमध्ये उतरतात आणि युकाता घालून गावभर फिरत या स्नानगृहांत जातात. 1925 च्या भूकंपात गाव उद्ध्वस्त झालं. पुन्हा उभं राहत असताना, 1927 मध्ये एका रियोकानने आपल्या आवारातच स्नानगृह बांधलं. गरम पाणी अख्ख्या गावाचं आहे, म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला आणि वाद कोर्टात गेला. तो मिटायला 1950 उजाडलं. रियोकानमध्ये स्नानगृहाला मुभा मिळाली, पण आकारावर मर्यादा आली. त्यामुळे पाहुणा आजही रस्त्यावर उतरतो आणि त्याचा पैसा चहावाल्यापासून चपलांच्या दुकानापर्यंत फिरतो.

दुसरा फरक कराचा आहे. ओन्सेनमध्ये स्नान करणाऱ्याकडून गावाची पालिका स्नान-कर घेते. त्याचा प्रमाण दर माणशी दिवसाला 150 येन, म्हणजे शंभर रुपयांच्या आत आहे. ही रक्कम स्वच्छता, झऱ्यांचं संरक्षण, अग्निशमन आणि पर्यटन यांवरच खर्च करायची, असं कायदा सांगतो.

सालबर्डीसमोरचा खरा धोका

मोर्शी-वरुड हा संत्र्याचा पट्टा आहे. बागा जगवण्यासाठी इथे बोअर खोल खोल जात राहिले आणि भूजलाच्या अतिउपशासाठी हा भाग राज्यात ओळखला जातो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाकडे जातो. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले आणि पिण्याच्या सार्वजनिक स्रोतांभोवती संरक्षण दिलं. गरम झऱ्याचं तापमान किंवा प्रवाह जपणं हा मात्र त्या कायद्याचा विषय नाही.

त्यातच सालबर्डी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहे. एका बाजूने नियम केला आणि दुसऱ्या बाजूने बोअर मारला, तर उपयोग काय? नवं भू-औष्णिक धोरण विजेसोबत अशा पाण्याच्या थेट वापरालाही वाव देतं. उद्या कोणी प्रकल्प घेऊन आलं, तर झऱ्यावर पहिला हक्क कोणाचा, हे आधी ठरलेलं बरं.

जसंच्या तसं आणावं का?

नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा गरम पाण्यात कोण बसणार? हंगाम फार तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. सालबर्डी हे श्रद्धास्थान आहे आणि महानुभाव पंथातही त्याला महत्त्व आहे. कुंडाभोवती काचेचं रिसॉर्ट बांधून यात्रेकरूला तिकीट लावलं, तर गाव विरोध करेल आणि ते योग्यच असेल.

जपानमधल्या चुकाही समोर आहेत. किनुगावासारख्या गावांत तेजीच्या काळात मोठाली हॉटेलं उभी राहिली. पाहुणा, खरेदी, करमणूक, सगळं इमारतीच्या आत. मंदी आली तशी अनेक हॉटेलं बंद पडली आणि नदीकाठी आज त्यांचे सांगाडे उभे आहेत. देशात 1980 च्या सुमारास 80 हजारांहून अधिक रियोकान होती. 2017 पर्यंत ती 40 हजारांच्या आत आली. वारस नाही आणि कामाला माणसं मिळत नाहीत, ही तिथली रोजची तक्रार आहे.

सालबर्डीची सुरुवात लहान असू शकते. कुंडाचं पाणी नियमित तपासून आकडे फलकावर लावायचे. महिलांसाठी आडोसा आणि कपडे बदलायला स्वच्छ खोल्या बांधायच्या. आधी अंग धुवायला वेगळे नळ द्यायचे. झऱ्याभोवती नव्या बोअरवर दोन्ही राज्यांनी मिळून मर्यादा घालायची. मग गावातल्याच घरांत दोन-चार खोल्या, रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी, सकाळी संत्र्याच्या बागेत फेरफटका. यासाठी मोठं भांडवल लागत नाही आणि राज्याच्या निवास-न्याहारी व कृषी पर्यटन योजनांचा आधार घेता येतो.

परतवाड्याहून चिखलदरा बघून उतरणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या दिवसासाठी थांबायचं कारण मिळालं, तर एका रात्रीचा खर्च वऱ्हाडातच राहील. तोवर झऱ्याला पाणी राहायला हवं. म्हणून खोल्या बांधण्याआधी बोअरचा नियम ठरवणं हे पहिलं काम आहे.