पॉलिसी नंबर सांगा, मग शोधतो

मंडळी, एक कोडं घालतो. एक टेबल आहे. त्यात कोट्यवधी रेकॉर्ड्स. तुम्हाला त्यातलं एक हवंय. माणसाचं नाव माहीत आहे, जन्मतारीख माहीत आहे, पॅन कार्डाची झेरॉक्सही हातात आहे. पण काउंटरपलीकडचा माणूस म्हणतो, "प्रायमरी की सांगा, मग शोधतो." आणि ती प्रायमरी की ज्याला ठाऊक होती, तो माणूस गेल्या महिन्यात वारलाय.

आमच्या ऑफिसात कोणी ज्युनिअरने असं डिझाइन आणलं तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढू. पण आपल्याकडे मेलेल्या माणसाची विमा पॉलिसी शोधायची पद्धत साधारण हीच आहे. आणि शोधणारा सांगली-सोलापुरात नसून न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असला की काय होतं ते विचारूच नका.

माझा एक मित्र न्यू जर्सीत असतो. त्याचे सांगलीचे मामा अचानक हार्ट अटॅकने गेले. मूलबाळ नाही. घरात मामी आणि मामांची आई, म्हणजे मित्राची आजी. सगळे व्यवहार मामा बघायचे. मामींचं एकच पालुपद, "अरे, मी सगळं लिहून ठेवलंय असं हे म्हणायचे." कुठे लिहिलंय? माहीत नाही. विमा किती? "एक एजंट भाऊजी दिवाळीला कॅलेंडर घेऊन यायचे बघ." ते एजंट भाऊजी तर मामांच्या आधीच गेलेले. एका विमा कंपनीच्या शाखेत मामी दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा उत्तर तेच, जे या लेखाचं शीर्षक आहे.

शेवटी मित्राने तिकडून शोध घेतला. रात्री अकरा वाजता फोन, कारण इथे तेव्हा सकाळ असते. भारतातलं सिम बंद केलेलं, त्यामुळे ओटीपी लागला की मामेभावाला उठवायचं. कामाला काय आलं ते सांगतो, कारण उद्या तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते.

पहिली गोष्ट, पासबुक. मामींनी मागच्या तीन वर्षांच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्यात दर वर्षी ठराविक महिन्यात ठराविक रक्कम जात होती आणि समोर विमा कंपनीचं तुटक नाव होतं. बँकेकडून त्या मँडेटचा तपशील मिळाला आणि त्यातून पॉलिसी नंबर. मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कापलेले दिसले, तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. पण ती फक्त अपघाताची, म्हणून मामांच्या बाबतीत उपयोग नव्हता. तुमच्या नात्यात कोणी पंचावन्नच्या आत गेलं असेल तर ४३६ रुपयांची ओळ शोधा. ती जीवन ज्योती योजना, आणि तिच्यात २ लाखांचं विमाछत्र असतं. दुसरी गोष्ट, जुन्या सॅलरी स्लिपा. पगारातून परस्पर हप्ता कापला जात असेल तर तिथे दिसतो. तिसरी, प्राप्तिकराची फाइल. ८०सीच्या वजावटीसाठी माणूस हप्त्याच्या पावत्या जपून ठेवतोच ठेवतो!

पॉलिसी सापडली. पण मृत्युपत्राचं काय?

इथे खरी गोम आहे. मामांनी मृत्युपत्र केलं असेल तर फ्लॅट बहुधा मामींच्या नावे. केलंच नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी आणि आई यांना समान वाटा. म्हणजे अर्धा फ्लॅट आजीचा. आणि आजीनंतर तो वाटा आजीच्या मुलींकडे, म्हणजे माझ्या मित्राच्या आईकडेसुद्धा. थोडक्यात, हा पठ्ठ्या जे कागद शोधत होता तो सापडला तर नुकसान त्याच्याच घरचं! तरी नातेवाइकांत कुजबुज काय? "मामा जाऊन महिना नाही झाला, आणि हा अमेरिकेत बसून इस्टेट शोधतोय."

मला या कुजबुजीची मनापासून चीड येते. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या पैशाविषयी बोलणं म्हणजे गिधाडपणा असं मानलं जातं. पण त्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं हप्ते भरले ते कोणासाठी? बायको उघड्यावर पडू नये म्हणूनच ना? मग तो पैसा तिच्यापर्यंत पोचवणं हे तेराव्याच्या जेवणापेक्षा मोठं कर्तव्य आहे.

असो. मृत्युपत्राकडे येऊ. आपल्याकडे मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी ते चालतं. नोंदणी केली असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ५७ कामाला येतं. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते, आणि तो गेल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही. किती शहाणपणाचा नियम आहे बघा! जिवंतपणी गुप्तता, नंतर पारदर्शकता. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी प्रायव्हसीचा प्रश्न आपल्यापेक्षा बरा सोडवला होता.

अडचण अशी की मृत्युपत्र कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं. सांगलीचा माणूस पुण्याला भाचीच्या लग्नाला गेला आणि तिथेच नोंदवून आला, तर शोधायचं कुठे? मामींना एवढंच आठवत होतं की "हे एकदा मित्राबरोबर कचेरीत गेले होते." त्या मित्राला गाठलं, त्याने ऑफिस सांगितलं, मामेभावाने मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला आणि नक्कल मिळाली. फ्लॅट मामींच्या नावे. मित्राची आई फोनवर म्हणाली, "दादाने बरोबर केलं." विषय संपला.

पण हे सगळं एका मित्राच्या स्मरणशक्तीवर टांगलेलं होतं, हे विसरू नका. गोव्यात बघा, तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीने मृत्युपत्र सरकारी नोटरीसमोर, त्याच्या वहीत करता येतं. इंग्लंडमध्ये प्रोबेट झालेलं मृत्युपत्र कोणीही मागवू शकतं, आणि तेही १८५८ पासूनचं.

आता विम्याकडे परत. लोक म्हणतील, अरे, कंपन्यांच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या रकमा शोधता येतात की! येतात. नाव, जन्मतारीख, पॅन टाकून शोधा. पण दोन भानगडी आहेत. एक, प्रत्येक कंपनीच्या साइटवर वेगळं शोधायचं. दुसरी भानगड जास्त मोठी आहे. त्या यादीत फक्त तीच रक्कम दिसते जी देय झाली आहे हे कंपनीला माहीत आहे. माणूस गेलाय हे कंपनीला कळलंच नसेल तर तिच्या दृष्टीने तो जिवंत आहे, फक्त हप्ता भरत नाही. पॉलिसी लॅप्स म्हणून पडून राहते. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३-२४ मध्ये एकट्या एलआयसीकडे मुदत संपूनही कोणी न नेलेले सुमारे ८८० कोटी रुपये होते. यात कंपनीला न कळलेले मृत्यू धरलेलेच नाहीत. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही तर पैसा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो. तिथून पुढे २५ वर्षं मागता येतो, पण मागणार कोण? ज्याला माहीत आहे तो.

अमेरिकेत हाच प्रश्न होता. तिथे २०११-१२ नंतर अनेक राज्यांनी कंपन्यांना सांगितलं की सोशल सिक्युरिटीची मृतांची यादी तुमच्या ग्राहकांशी ठराविक काळाने ताडून बघा, आणि वारस तुम्ही शोधा. शिवाय २०१६ पासून विमा आयुक्तांच्या संघटनेची मोफत शोधसेवा आहे. एकदा अर्ज करा, तो सहभागी कंपन्यांकडे जातो.

आपल्याला हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' सुरू केलं, आणि आता अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी एका ठिकाणी शोधता येतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाही २०२३ मध्ये सुधारला आणि राष्ट्रीय पातळीवर डेटाबेस ठेवायची तरतूद झाली. रेशन कार्ड, मतदार यादी, पासपोर्ट यांच्यासाठी तो वापरता येईल असं त्यात आहे. म्हणजे माणूस गेला की त्याचं मत आणि धान्य बंद करायला व्यवस्था तयार. मग त्याच्या बायकोला पैसे मिळवून द्यायला का नको? माझं म्हणणं एवढंच आहे. मृत्यूची नोंद झाली की ती विमा कंपन्यांकडे गेली पाहिजे, आणि पहिलं पत्र कंपनीने घरी पाठवलं पाहिजे. तसंच नोंदणीकृत मृत्युपत्रांची राज्यभराची एकच सूची हवी. मृत्यूचा दाखला दाखवला की "आहे, अमुक कार्यालयात" एवढं जरी सांगितलं तरी पुरे.

घोटाळे होतील? जिवंत माणसाला कागदावर मारणारे लोक आपल्याकडे आहेतच. उत्तर प्रदेशातले लालबिहारी १९९४ पर्यंत सरकारदरबारी मृत होते. पण मी आपोआप पैसे द्या म्हणत नाही, आपोआप पत्र पाठवा म्हणतोय. जिवंत माणसाला असं पत्र आलं तर उलट फायदाच, आपण 'मेलोय' हे त्याला वेळेत कळेल!

आणखी एक. नॉमिनी म्हणजे मालक हा गैरसमज काढून टाका. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही, वारसा कायदा किंवा मृत्युपत्रच चालतं. विम्यात पती-पत्नी, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर रक्कम त्यांचीच. भाऊ किंवा पुतण्या असेल तर तो फक्त पैसे घेणारा हात. आणि तुम्ही स्वतः वारस असून परदेशात असाल तर मुखत्यारपत्र वकिलातीतून किंवा अपॉस्टिल करून पाठवा. ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्याला इथला स्टॅम्प लागतो, हे अनेकांना माहीत नसतं.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर या वीकेंडला घरी फोन कराल तेव्हा हवापाणी झालं की बाबांना एकच विचारा, "कागद कुठे आहेत?" किती आहेत ते विचारूच नका, म्हणजे त्यांनाही वावगं वाटणार नाही. आणि त्या फोनवर आईलाही घ्या. बहुतेक घरांत ते कागद शोधायची वेळ तिच्यावरच येते.