हप्त्याची गाडी आणि कामगाराचे घर

कामगाराने गाडी घेतली की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते. घरात कर्ज असताना घेतली तर विचारूच नका. "अंथरूण पाहून पाय पसरावे" हे त्याला ऐकवायला सगळे तयार असतात; त्यात आपले काही पुढारीही आले, हे आम्ही खेदाने नमूद करतो. परंतु गाडी ही सर्वांच्याच घरी चैन असते काय, याचा विचार आपल्या चळवळीने नीट केलेला नाही.

आमच्या माहितीतील एक घर सांगतो. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, निवृत्त झाले. मुलगा डबे सफाईच्या ठेक्यात कामाला होता. ठेका बदलला, नव्या ठेकेदाराने आपली माणसे आणली, मुलगा घरी बसला. आईच्या आजारपणात सावकाराचे कर्ज झाले, सुनेचे दागिने बँकेत गहाण पडले. आता मुलगा स्टेशनवर दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. मालकाला रोजचे ६०० रुपये द्यायचे, इंधन आपले, उरेल ते घरी. त्याला स्वतःची जुनी टॅक्सी घ्यायची आहे, तीन लाखांची. वडील आमच्या पतपेढीचे तीस वर्षे सभासद होते. अर्ज केला, तर उत्तर आले की निवृत्त सभासदाला कर्ज देता येत नाही. समितीतील एक गृहस्थ वर म्हणाले, "खायला नाही आणि गाडी हवी!"

आता हिशेब पाहा. महिन्याचे २६ दिवस धरले तरी हा मुलगा मालकाला १५,६०० रुपये देतो. म्हणजे गाडीचे पैसे हे घर आजही भरतेच आहे, फक्त गाडी दुसऱ्याची आहे. तीन लाखांचे कर्ज चार वर्षांत फेडायचे तर हप्ता त्याहून बराच कमी येतो. उरलेल्या पैशात विमा, टायर, कर, फिटनेस भागवावे लागते. आठ वर्षांपुढच्या प्रवासी गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो, हे जुनी गाडी घेणाऱ्याने विसरू नये. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊन भाड्याने फिरवणे हा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा भंग आहे. परवान्याविना गाडी पकडली गेली की दंड बसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करायला पाहते.

पतपेढीने दार लावले की माणूस फायनान्सवाल्याकडे जातो. तो सांगतो, "फक्त दहा टक्के." हे दहा टक्के फ्लॅट असतात, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या तीन लाखांवरच. चार वर्षांचे व्याज १ लाख २० हजार, हप्ता ८,७५०. तेच दहा टक्के घटत्या शिलकेवर असते तर हप्ता सुमारे ७,६०० आणि व्याज ६५ हजारांच्या आसपास. त्याचे दहा टक्के प्रत्यक्षात साडेसतरा पडतात! सही करण्यापूर्वी "फ्लॅट की घटते?" एवढा एक प्रश्न विचारा.

हप्ता थकला की गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याचा प्रकार बेकायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बँकांना त्याबद्दल खडसावले आहे. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. असा त्रास होत असल्यास सभासदाने शरमेने घरात बसू नये, शाखेत यावे.

खरे तर ही वेळ सरकारने आणली. केंद्रीय कर्मचाऱ्याला मोटार, स्कूटर, सायकल यांसाठी अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून २०१६ मध्ये हे सारे बंद झाले; घरबांधणी आणि संगणकाचे तेवढे राहिले. आयोग तर सायकल भत्ताही काढायला निघाला होता. पोस्टमन आणि ट्रॅकमन यांचा तो २०१७ मध्ये वाचला आणि ९० चा १८० रुपये झाला. महिन्याला १८० रुपये! एक टायर तरी येतो काय? जुन्या पेन्शनवाल्यांना भविष्य निर्वाह निधीतून वाहनासाठी रक्कम काढता येते. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या तरुणांना तो निधीच नाही. म्हणजे ज्याचे घर आज उभे राहायचे आहे, त्याच्याच हाती काही नाही. इटारसी, सिकंदराबाद, हुबळी अशा ठिकाणी बदलून गेलेल्या आपल्या मराठी बांधवाला तर ओळखीचा जामीनही सहज मिळत नाही.

पतपेढ्यांचा पैसा सभासदांचा आहे, तो उधळता येत नाही, हे आम्हाला मान्य आहे. दोन कामावरचे जामीन घ्या, गाडीच्या नोंदणी पुस्तकावर पतपेढीचा बोजा चढवा, विमा चालू असल्याची पावती दरवर्षी मागा, परवाना पाहिल्याशिवाय चेक देऊ नका. एवढे करूनही कर्ज बुडणारच नाही, अशी हमी आम्ही देत नाही. परंतु लग्नाच्या जेवणावळीसाठी कर्ज मंजूर होते आणि पोटापाण्याच्या गाडीला नाही, हा कुठला न्याय?

पतपेढ्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. पोटनियम दुरुस्तीची सूचना आधी द्यावी लागते. निवृत्त सभासदाच्या कमावत्या मुलाला किंवा मुलीला, विधवा सुनेलाही, व्यवसायाच्या वाहनासाठी कर्ज मिळावे असा ठराव प्रत्येक शाखेने करावा आणि त्याची एक प्रत मुख्य कचेरीकडे पाठवावी. वाहन अग्रिम पुन्हा सुरू करण्याची मागणी केंद्राकडे लावून धरताना या ठरावांचा आम्हाला उपयोग होईल. वर सांगितलेल्या मुलासाठी एक गार्ड आणि एक पोस्टमन जामीन राहायला तयार आहेत. त्याचा अर्ज आम्ही समितीपुढे पुन्हा ठेवला आहे.