ऐंशी टक्क्यांत आपण कुठं?

सरकार कारखानदाराला सवलती देतं. २०१९ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत राज्याचा जीएसटी परत, वीजशुल्क माफ, मुद्रांक माफ. बदल्यात अट काय, तर कामगारांत ८० टक्के स्थानिक घ्या. स्थानिक म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. बस्स. त्यातला वाड्यावरचा कोण, वस्तीतला कोण, हे पुसायचं नाही.

मी मावळातला. तळेगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं राबलोय. गेटवर भूमिपुत्रांची सभा लागली की बिहारच्या पोरांना शिव्या. अरे, पण भूमी कुणाची? सातबाऱ्यावर माझ्या बापाचं नाव कधी होतं? जमीन गेली त्याला मोबदला मिळाला. त्याच जमिनीवर मजुरी करणाऱ्याची भाकर गेली, त्याला कागदाचा चिटोरा नाही. पत्र्याच्या खोलीत दाटीवाटीनं झोपणारा बिहारी माझा दुश्मन कसा?

हा धंदा जुना आहे. बोरघाटाची रेल्वे, १८५६ ते १८६३. कंपनी विलायतेची, तिच्या भांडवलाला सरकारची ५ टक्क्यांची हमी. खंडाळ्याच्या कड्यांवर पटकीनं, तापानं मजूर हजारोंनी मेले, त्यांना कसली हमी? जनरल मोटर्सनं तळेगावात २००८ ला कारखाना काढला, २०२० ला गाड्या काढणं थांबवलं. हजारावर कामगार रस्त्यावर.

सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत. मग सरकारी पैशावर पोसलेल्या कारखान्यात का नाहीत? स्थानिकांची अट घालताना ह्यांना गुणवत्ता आठवत नाही, आमचं नाव निघालं की लगेच आठवते. भावांनो, भूमिपुत्रांच्या मोर्चात जाताय? जा. पण झेंडा धरण्याआधी पुढाऱ्याला विचारा, ह्या ऐंशीत वस्तीतले किती?