सर्वांत लहान दिवसाचे स्वागत



सूर्यास्ताची वेळ रोज पाहणारी घरे आता फार उरली नाहीत. आपल्या समाजात ती अजून आहेत. चौविहार पाळणाऱ्या घरात कॅलेंडरवर नजर जाते ती प्रथम सूर्यास्ताकडे, आणि नवकारसीसाठी सूर्योदयानंतरची 48 मिनिटे मोजली जातात. त्यामुळे 21 किंवा 22 डिसेंबरला येणारा वर्षातील सर्वांत लहान दिवस आपल्याला परका नाही. त्याचा उत्सव मात्र आपण कधी केला नाही.

या दिवशी सूर्य मकरवृत्तावर असतो. जूनमध्ये मुंबईत सव्वातेरा तास चालणारा दिवस आता जेमतेम 11 तासांचा होतो. सूर्यप्रज्ञप्ती या आगमग्रंथात सर्वांत मोठा दिवस 18 मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान 12 मुहूर्तांचा सांगितला आहे. 48 मिनिटांचा एक मुहूर्त धरला, तर हा लहान दिवस 9 तास 36 मिनिटांचा होतो. मुंबईपेक्षा तो बराच आखूड; उत्तरेकडे जावे तसतसा हिवाळ्यातील दिवस आक्रसत जातो.

उत्तरायण म्हटले की आपल्याला जानेवारीतील संक्रांत आठवते. सुमारे 1700 वर्षांपूर्वी संक्रांत आणि हा सर्वांत लहान दिवस एकाच सुमारास येत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिमंद गतीने डोलतो. त्यामुळे दोहोंत अंतर पडत गेले आणि आज ते तीन आठवड्यांहून अधिक झाले आहे. संक्रांतीचा तिळगूळ तिच्या दिवशी होईलच. सूर्य प्रत्यक्ष वळतो त्या दिवसाचीही घराने दखल घ्यावी, एवढेच सुचवायचे आहे.

इराणमध्ये ही रात्र ‘यल्दा’ म्हणून साजरी होते. कुटुंबे वडीलधाऱ्यांच्या घरी जमतात, डाळिंब आणि कलिंगड मांडतात, हाफिजची काव्ये वाचतात. 2022 मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. युरोपात या दिवसांत बहुतेक झाडे निष्पर्ण असतात, म्हणून सदाहरित झाडांच्या डहाळ्या घरात आणण्याची चाल पडली. आपल्याकडे डिसेंबरातही हिरवाई भरपूर असते. तेव्हा हिरवी फांदी तोडण्याचे कारण नाही. झाडाने आपण होऊन जे सोडून दिले, तेच आपल्या सजावटीचे साहित्य व्हावे.

देशी बदामाची पाने या सुमारास लाल-तांबूस होऊन गळू लागतात. सागाची मोठी, खरखरीत पाने वाळून पडतात. पिंपळाचे गळलेले पान जुन्या खातेवहीत आठवडाभर दाबून ठेवले की सपाट होते. गुलमोहराच्या फुटून रिकाम्या झालेल्या शेंगा लाकडासारख्या टणक असतात. मुलांना सोबत घेऊन हे गोळा करावे, पण यतनेने. प्रत्येक पान उलटून पाहावे, शेंग हलकेच झटकावी. कोणाचा आसरा दिसला तर ती वस्तू होती तेथेच ठेवावी. दुकानातील खोक्याचा पुठ्ठा वाटोळा कापून त्याभोवती बदामाची पाने किरणांसारखी लावली की सूर्य तयार होतो. सागाच्या पानांचे तोरण सुतळीत ओवता येते. उत्सव दिवसाउजेडी करायचा, म्हणून दिव्यांची रोषणाई नको आणि तिच्याभोवती येणाऱ्या जीवांची हिंसाही नको.

ही आरास दक्षिणेकडील खिडकीजवळ मांडावी. या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने त्या खिडकीतून ऊन घरात खोलवर येते. मुलांसाठी गच्चीवर 12 इंचांची काठी सरळ उभी करावी. मुंबईत साडेबाराच्या पुढेमागे तिची सावली सुमारे 11 इंच भरेल; माध्यान्हीची वर्षातील सर्वांत लांब सावली ती हीच. तेथे खडूची खूण करावी. संक्रांतीला त्याच वेळी पुन्हा मोजली तर सावली जवळजवळ पाऊण इंचाने आखूड झालेली दिसेल. सूर्य परत फिरला, हे मुलांना मग पुस्तकातून सांगावे लागणार नाही.

आता दुकानाविषयी. आपल्या अनेक घरांत आजी-आजोबा सूर्यास्तापूर्वी जेवतात, मुले आठ वाजता, आणि गल्ला मोजून, शटर ओढून येणारा कर्ता पुरुष दहा वाजता. एका छपराखाली तीन पंक्ती उठतात. थोरांचा नियम मोडत नाही, पण त्यांच्या ताटासमोर कोणी बसलेलेही नसते. वर्षातून हा एक दिवस दुकान साडेचारला बंद करावे. मुंबईत या दिवशी सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळतो. बाजरीची भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, तिळाची चटणी, गूळ-तूप असे साधे जेवण सर्वांनी एका पंक्तीत त्याआधी उरकावे.

चार तासांची विक्री बुडेल, हे खरे. व्यापाऱ्याला तोटा कळतो, तसेच दुर्मीळ वस्तूचे मोलही कळते. ज्या दिवशी उजेड सर्वांत थोडा, त्याच दिवशी त्यातला वाटा घरच्या माणसांना दिला, तर त्यांना त्याची किंमत सांगावी लागणार नाही.

सूर्यास्तानंतर तोरण उतरवून पाने झाडाच्या बुंध्याशी परत टाकावीत. दुसऱ्या दिवसापासून दिवस वाढू लागेल, आरंभी काही सेकंदांनीच, पण वाढेल.