अनादी ही तारीख नव्हे

पुराणांत राजांच्या वंशावळी आहेत. कोणामागून कोण आला हे त्या सांगतात. केव्हा आला, हे त्यांवरून ठरत नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमय आदी पाच ग्रीक राजांची नावे वाचता आली. त्यांचा काळ अन्यत्र ज्ञात होता. लोंबकळणाऱ्या वंशावळीला खुंटा मिळाला तो असा.

जीवसृष्टीच्या वंशवृक्षाचीही हीच गत आहे. डीएनएमधील भेदांवरून कोणती फांदी कोणत्या फांदीस जवळची हे कळते. ती किती कोटी वर्षांपूर्वी फुटली, हे सांगण्यास जीवाश्माचा खुंटा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व सहकाऱ्यांनी २००५ साली तीत गवताचे सिलिकामय सूक्ष्म कण दाखवून दिले. गवत डायनासोरांनंतरचे, हा समज ढासळला. २०११ साली अशाच कणांवरून भातकुळाचा उगमही साडेसहा कोटी वर्षांहून मागे नेण्यात आला. (आमच्या घनसावंगी तालुक्याखालचा काळा पाषाण साधारण त्याच काळातील लाव्हाचा!)

जीवाश्म जन्मतारीख सांगत नाही; 'ही फांदी याहून धाकटी नाही' एवढेच सांगतो. शिवाय हे कण हिशेबात धरावेत की नाही, यावर गवताचे वय बरेच बदलते आणि अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हांस यात विज्ञानाची दुर्बलता दिसत नाही. वाद पुराव्याच्या वजनाविषयी आहे, पुरावा मागण्याच्या अधिकाराविषयी नाही.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात नेमके हेच केले. मनूच्या काळी अस्पृश्यता नव्हती, चिनी प्रवासी युआन श्वांगच्या काळी होती, अशा दोन टोकांत काळ कोंडून त्यांनी तिचा जन्म इ.स. ४०० च्या सुमारास ठरविला. त्या निष्कर्षाचीही चिकित्सा व्हावी. परंतु जी अनादी म्हणून आमच्या पणजोबांच्या माथी मारली गेली, तिला जन्मसाल आहे म्हटल्याबरोबर तिचा अंतही कल्पिता आला.

म्हणूनच २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, हे आम्हांस केवळ अभ्यासक्रमाचे ओझे हलके करणे वाटत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात हा पाठ आहे. तो विज्ञान व इतिहासाच्या शिक्षकांनी एकत्र शिकवावा, पिसदुरा आणि अशोकाचा शिलालेख एकाच फळ्यावर मांडावा, अशी आमची संस्थेस सूचना आहे.